37 घटकांचं फेम मिश्रण: स्पंजाच्या कामाला कितपत पुरतं?

खाद्यतेलाची किंवा तुपाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा फ्रीझर उघडलात, तर तपकिरी काचेची एक छोटी बंद कुपी हमखास दिसेल. आत 1 मिली द्रव आणि त्यात 37 मेदाम्लांचे मिथाइल एस्टर. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘फेम मिक्स’. नमुन्यातली मेदाम्लं ओळखण्यासाठी वायू-क्रोमॅटोग्राफ या यंत्रात हे ठाऊक मिश्रण तुलनेचं माप, म्हणजे स्टँडर्ड, म्हणून चालवतात: यंत्रातल्या लांब बारीक नळीतून (कॉलम) घटक एकेक बाहेर पडतात आणि आलेखावर शिखरं (पीक) उमटतात. दोन-चार कंपन्या ते विकतात. कंपनी कुठलीही घ्या, यादी जवळपास तीच असते, म्हणून मी कुठल्या एका छापाबद्दल लिहीत नाही, या मालाबद्दल लिहिते आहे.

मी रत्नागिरीकडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या मुलींबरोबर समुद्री स्पंजांतली मेदाम्लं तपासण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी एक कुपी मागवायची म्हणजे वर्षाच्या रसायनखर्चातला मोठा वाटा त्यात जातो. त्यामुळे स्पंजावर किंवा एकूणच समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांवर काम सुरू करणाऱ्या मुलामुलींना पहिला प्रश्न हाच पडतो, की हे घ्यावं का? माझं उत्तर ‘घ्यावं’ असं आहे. पण स्पंजात जे सर्वांत मोलाचं आहे, ज्यासाठी हा प्राणी उत्क्रांतीच्या अभ्यासात इतका महत्त्वाचा ठरला, त्याबद्दल ही कुपी एक अक्षर बोलत नाही. हे आधी कळलेलं असलं, तर पैसे आणि निष्कर्ष दोन्ही वाचतात.

आधी माल हातात आल्यावरचं बोलू. द्रावण डायक्लोरोमिथेनमध्ये असतं, सगळे घटक मिळून 10 मिग्रॅ प्रति मिली. डायक्लोरोमिथेन 40 अंशांच्या आसपासच उकळतं. कोकणात मे महिन्यात दुपारी कुपी फ्रीझरमधून काढून बाजूला ठेवली आणि तासाभराने फोडली, तर मान मोडल्या मोडल्या द्रावक उडायला लागतो आणि उरलेल्याची तीव्रता चढते. आमची रीत अशी: कुपी बर्फात उभी करायची, मानेत अडकलेला थेंब टिचकी मारून खाली आणायचा, रुमालात धरून मान मोडायची आणि एका दमात सगळं काचेच्या सुईने ओढून हेक्झेनमध्ये पातळ करायचं. मग छोट्या व्हायल्समध्ये वाटून, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण लावून परत उणे 20 अंशांवर. या सगळ्यात प्लास्टिकची नळी किंवा साधं प्लास्टिकचं झाकण कुठेही लागू द्यायचं नाही. प्लास्टिकमधले थॅलेट द्रावकात उतरतात आणि मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखात, 149 चा तुकडा घेऊन मध्येच उभे राहतात. नवीन विद्यार्थी त्यालाच नवा रेणू समजून आनंदतात.

कुपीबरोबर लॉटचं प्रमाणपत्र येतं, ते फेकू नका. सगळे घटक सारख्या प्रमाणात नसतात. पामिटिक आम्लाचा एस्टर सर्वांत जास्त, साधारण 6 टक्के, काही 4 टक्के आणि बहुतेक 2 टक्के. ही उंच-बुटकी रांग मुद्दाम ठेवलेली आहे. पीक पुढे-मागे सरकले तरी उंचीवरून ओळख पटते. कॉलम जुना झाला की ही सोय फार कामाला येते, आणि या बाबतीत मी मालाला पूर्ण गुण देते.

यादी पाहिली की हे मिश्रण कुणासाठी बनलंय ते लगेच कळतं. सुरुवात 4 कार्बनच्या ब्युटिरिक आम्लापासून होते, कारण दुधाच्या स्निग्धांशाची ती खूण आहे. इलायडिक आम्ल आहे, कारण वनस्पती तुपातला ट्रान्स फॅट मोजायचा असतो. आपल्याकडे 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आली आणि या कुपीला तेव्हापासून आणखी मागणी आली असणार. माशाच्या तेलासाठी 20:5 आणि 22:6 आहेत (आधी कार्बनांची संख्या, मग दुहेरी बंधांची), म्हणजे ज्यांना आपण ईपीए आणि डीएचए म्हणतो ते. शेवटी 24 कार्बनची दोन आम्लं, संपृक्त लिग्नोसेरिक आणि एक दुहेरी बंध असलेलं नर्व्हॉनिक, आणि तिथे यादी संपते. स्पंजाची खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

आमचे नमुने बहुतेक मिरकरवाडा बंदरावरच्या जाळ्यांतून येतात. जाळं झाडताना निघालेला, बाजारात न जाणारा माल एका कोपऱ्यात पडतो, त्यात शंख-शिंपल्यांवर चढलेले स्पंज असतात. तिथले एक तांडेल आमच्यासाठी टोपलीभर बाजूला काढून ठेवतात आणि दर वेळी विचारतात, “मॅडम, याचं करता तरी काय?” खडकांवरून स्वतः नमुने गोळा करणार असाल, तर परवानगीचं आधी पाहा. चुनखडी स्पंज 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आले आहेत, आणि मालवणचं क्षेत्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

स्पंज म्हणजे एक प्राणी असं आपण म्हणतो, पण हातातला गोळा ही एक वसाहत असते. त्याच्या नळ्यांमध्ये ठिसूळ तारे, छोटे खेकडे, वलयी कृमी दडलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने ते एकेक काढावे लागतात, कारण प्रत्येकाची स्वतःची मेदाम्लं असतात आणि ती स्पंजाच्या नावावर जमा होतात. स्वच्छ केलेला तुकडा गोठवून कोरडा करायचा, मग दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉल या 1957 पासून चालत आलेल्या फोल्च पद्धतीने मेद काढायचा. खराब होऊ नये म्हणून बीएचटी या ऑक्सिडीकरणरोधकाचा किंचित अंश. वेगळा तुकडा ब्लीचमध्ये टाकून सिलिकाच्या काटक्या, म्हणजे स्पिक्यूल, मोकळ्या करायच्या. कुठला स्पंज आहे हे ठरल्याशिवाय मेदाम्लांच्या आकड्यांना अर्थ नाही.

आता रन. स्टँडर्ड आणि नमुना एकाखाली एक ठेवून छापले की पहिला भाग छान जुळतो. 14:0, 16:0, 18:0 जागच्या जागी. अ‍ॅरॅकिडॉनिक, ईपीए, डीएचए यांच्या जागांबद्दल शंका उरत नाही. 20 कार्बनच्या तीन बंधांच्या दोन भावंडांना वेगळं ओळखायचं, तर हे मिश्रण हाताशी नसताना मी तरी धजावणार नाही. स्पंजाने काय खाल्लं याचा अंदाज या भागातून येतो. डायटमांमध्ये ईपीए भरपूर असतं, डायनोफ्लॅजेलेटांत डीएचए. स्पंज दिवसभर पाणी गाळून असले सूक्ष्म जीव पोटात घेत असतो, तेव्हा या आम्लांचा बराचसा भाग बाहेरून आलेला आहे. या थरासाठी 37 चं मिश्रण उत्तम.

त्याच भागात मधूनमधून आणखी पीक दिसतात, स्टँडर्डमधल्या कुणाशीच न जुळणारे. 15 आणि 17 कार्बनच्या आसपास ही गर्दी जास्त. हे जिवाणूंचे. त्यांच्या मेदाम्लांच्या साखळीच्या टोकाशी किंवा मध्येच एक मिथाइल फांदी असते. काही स्पंजांच्या शरीरात जिवाणूंची इतकी दाट वस्ती असते, की स्पंजाच्या मेदाचं विश्लेषण हे निम्मंअधिक त्या वस्तीचं विश्लेषण होतं. या फांदीवाल्यांपैकी एकही 37 च्या यादीत नाही. वेगळं 26 घटकांचं जिवाणू-मिश्रण मिळतं, त्यात आयसो, अँटिआयसो, सायक्लोप्रोपेन आणि हायड्रॉक्सी आम्लं आहेत. आम्ही तेही घेतलं आणि पश्चात्ताप नाही. पण साखळीच्या बरोबर मध्यावर फांदी असलेली जी आम्लं स्पंजांत वारंवार भेटतात, ती त्यातही नाहीत.

आणि मग 24 कार्बनच्या पुढे. स्टँडर्डची रेषा सपाट होते, कॉलम तापून आधाररेषा हळूहळू वर चढत असते आणि कॉलमच्या लेपातून सुटणारा 207 चा सिलोक्सेनचा तुकडा दिसायला लागतो. नमुन्याच्या रेषेवर मात्र ऐन इथेच रन सुरू झाल्यासारखं वाटतं. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा हा भाग पाहिला तेव्हा एका उंच पीकवर बोट ठेवून विचारलं, “मॅडम, हा 404 कुठून आला? आपल्या यादीत तर एवढा जड कोणीच नाही.” मिथाइल एस्टरचं वस्तुमान 404 म्हणजे 26 कार्बन आणि तीन दुहेरी बंध. तिने लायब्ररी शोध चालवला, म्हणजे ओळखीच्या रेणूंच्या चित्रांच्या संग्रहाशी ताडून पाहिलं, तर सॉफ्टवेअरने भलत्याच आम्लाचं नाव बऱ्यापैकी आत्मविश्वासाने दिलं. लायब्ररी सर्वांत जवळचं नाव देते, आणि ज्याचं चित्र तिच्याकडे नाही त्याचं नाव ती देऊच शकत नाही.

मग आम्ही खालचे छोटे तुकडे पाहिले. सर्वांत उंच 81, त्यामागे 109 आणि 141. हे त्रिकूट एकदा लक्षात ठेवलं की विसरत नाही. साखळी एस्टरच्या टोकाकडून मोजत जा: पाचव्या कार्बनवर दुहेरी बंध, नवव्यावर दुसरा. दोन बंधांच्या मध्ये सहा-सात, सात-आठ आणि आठ-नऊ या कार्बनांचे साधे जोड. साखळी सातव्या-आठव्या कार्बनांमध्ये तुटते आणि एस्टरकडचा तुकडा 141 चा निघतो. त्यातून मिथेनॉल गेलं की 109, आणखी कार्बन मोनॉक्साइड गेला की 81. खात्री करायची असेल तर मिथाइल एस्टरऐवजी पायरोलिडाइड, म्हणजे आम्लाच्या टोकाला नायट्रोजनचं वलय जोडलेलं रूप, बनवा. पायरोलिडिनमध्ये दहास एक ॲसिटिक आम्ल, 100 अंशांवर तास-दोन तास. तेव्हा तोच तुकडा 180 वर येतो आणि पूर्ण रेणू 443 वर. तिसऱ्या बंधाची जागाही त्याच चित्रात सापडते. पायरोलिडाइडचे तुकडे 14-14 च्या पायऱ्यांनी चढत जातात आणि जिथे पायरी 12 ची होते त्याच्या लगत बंध असतो. आमच्या नमुन्यात ती 12 ची पायरी अठराव्या आणि एकोणिसाव्या कार्बनांच्या मध्ये होती. म्हणजे बंध 5, 9 आणि 19 वर.

हा रेणू नवा नाही. 1951 मध्ये वेर्नर बर्गमन यांना स्पंजांत असाधारण लांब साखळ्यांची आम्लं दिसली होती. हेच ते बर्गमन, ज्यांना त्याच सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात वेगळ्या साखरेची न्यूक्लिओसाइडं सापडली आणि पुढे त्यांच्या धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरचं सायटॅराबीन आलं. 5,9,19 ची नेमकी रचना 1974 मध्ये अमेरिकेत कार्टर लिचफील्ड यांच्या गटाने मायक्रोसिओना प्रोलिफेरा या लाल स्पंजातून मांडली. हा स्पंज प्राणिशास्त्रवाल्यांना आधीपासून ओळखीचा. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी तो कापडातून गाळून पेशी सुट्ट्या केल्या होत्या आणि त्या पेशी पुन्हा एकत्र येऊन जिवंत स्पंज झाला होता. लिचफील्ड यांनी पुढे बऱ्याच जाती तपासल्या आणि 24 ते 30 कार्बनची आम्लं ही डेमोस्पंज वर्गाची (बहुतेक स्पंज याच वर्गातले) ओळखच आहे असं दाखवलं. म्हणून यांना डेमोस्पंजिक आम्लं म्हणतात.

इतर प्राण्यांत एवढ्या लांब साखळ्या असतात, पण तुरळक, मेंदूसारख्या खास ठिकाणी. स्पंजात त्या साध्या पेशीपटलाच्या फॉस्फोलिपिडमध्ये मोठ्या प्रमाणावर बसलेल्या असतात, आणि कित्येकदा एकाच रेणूच्या दोन्ही हातांवर. हे काम ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डला कार्ल जेरासी यांच्या प्रयोगशाळेत फार बारकाईने झालं. गर्भनिरोधक गोळीतल्या संप्रेरकामुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं स्पंजांवरचं काम मला त्याहून अधिक आवडतं.

उत्क्रांतीच्या दृष्टीने मोलाचं काय, तर ही आम्लं खाण्यातून येत नाहीत. स्पंज ती स्वतः बनवतो. किरणोत्सारी ॲसिटेट देऊन हे दाखवलं गेलं आहे. बनवण्याची पद्धतही कळते: 16 कार्बनचं, नवव्या जागी बंध असलेलं साधं पामिटोलेइक आम्ल घ्यायचं, एस्टरच्या टोकाकडून दोन-दोन कार्बन जोडत 26 पर्यंत न्यायचं. दहा कार्बन पुढे लागले, म्हणून नवव्या जागचा बंध आपोआप एकोणिसाव्यावर गेला. मग शेवटी 5 आणि 9 वर नवे बंध कोरायचे. मागच्या टोकाकडून मोजलं तर तो जुना बंध 16 च्या साखळीतही सातवा आणि 26 च्या साखळीतही सातवाच. हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला की मुली स्वतःच पुढचा प्रश्न विचारतात: मग याच साच्यातून 30 कार्बनचं बनवलं तर बंध कुठे येईल? तेविसाव्यावर. आणि 5, 9, 23 असं 30 कार्बनचं आम्ल खरोखर आहे. ते काचस्पंजांत सापडतं, खोल समुद्रातल्या हेक्सॅक्टिनेलिडा वर्गात.

त्या काचस्पंजांबद्दल 2002 मध्ये जर्मन संशोधकांच्या गटाने जो अभ्यास छापला तो मला या विषयातला सर्वांत पटलेला. काचस्पंज दिसायला डेमोस्पंजांहून इतके निराळे, की त्यांना प्राण्यांच्या झाडावर कुठे लावायचं यावर खूप वाद झाले होते. त्यांच्या ऊती म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या पेशींचं एकच जाळं. पण मेदाम्लं पाहिली तर यंत्रणा तीच: लांब साखळी, 5 आणि 9 ची जोडी, मागून सातवा बंध. आज जनुकांवरून काढलेली झाडंही डेमोस्पंज आणि काचस्पंज यांना जवळचे भाऊ मानतात. चुनखडी स्पंज मात्र दुसऱ्या बाजूला जातात, आणि त्यांच्या मेदात ही लांब डेमोस्पंजिक आम्लं मिळत नाहीत, साखळ्या आखूडच राहतात. 37 चं मिश्रण चुनखडी स्पंजाला म्हणूनच जास्त चांगलं लागू पडतं.

गोड्या पाण्यातल्या स्पंजांचा पुरावा मला आणखी बळकट वाटतो. बैकल सरोवरातल्या स्पंजांवर रशियन आणि चेक संशोधकांनी नव्वदच्या दशकात काम केलं. समुद्र सुटला, शैवालं बदलली, जिवाणू बदलले, पाण्यातलं मीठ गेलं, तरी लांब साखळ्या आणि 5,9 ची जोडी राहिली. कोट्यवधी वर्षांत बाकी सगळं बदलूनही जे टिकतं ते वंशाकडून आलेलं. आपल्याकडेही तळ्यांत, विहिरींत, धरणांच्या दगडांवर युनापिअस कार्टेरी हा हिरवट-पिवळट स्पंज सहज मिळतो. या नावातला कार्टर म्हणजे हेन्री जॉन कार्टर, मुंबईत नोकरीला असलेला ब्रिटिश डॉक्टर. 1840 च्या दशकात मुंबईतल्या तलावांतले स्पंज पाण्याच्या भांड्यात वाढवून, स्पंज वनस्पती की प्राणी हा प्रश्न तो सूक्ष्मदर्शकाखाली सोडवत होता.

हाच कार्टर त्याआधी ‘पॅलिन्युरस’ या सर्वेक्षण जहाजावर डॉक्टर म्हणून अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावर फिरला आणि तिथल्या खडकांवर त्याने सविस्तर लिहिलं. योगायोग असा, की स्पंजांच्या प्राचीनतेचा सर्वांत गाजलेला रासायनिक पुरावा पुढे ओमानमधूनच आला. मेदाम्लांचे दुहेरी बंध खडकात टिकत नाहीत, पण त्याच पटलात शेजारी बसणाऱ्या स्टेरॉलचा सांगाडा टिकतो. 2009 मध्ये ओमानच्या हुक्फ गटातल्या, 63.5 कोटी वर्षांहून जुन्या खडकांत 24-आयसोप्रोपिलकोलेस्टेन मिळाल्याचं गॉर्डन लव्ह आणि सहकाऱ्यांनी छापलं. हा सांगाडा ज्या स्टेरॉलांपासून उरतो ती आज डेमोस्पंज मोठ्या प्रमाणावर बनवतात, तेव्हा कॅम्ब्रियन या भूशास्त्रीय काळाच्या कितीतरी आधी स्पंज होते असा अर्थ लावला गेला. 2018 मध्ये आणखी एका स्टेरेनची, म्हणजे अशाच सांगाड्याची, भर पडली. मग 2019 मध्ये एका गटाने सांगितलं, की ऱ्हायझेरिया नावाचे एकपेशीय जीवही अशी पूर्वगामी स्टेरॉल बनवतात. त्यानंतर, शैवालांची साधी स्टेरॉल खडकात तापूनही असे रेणू होऊ शकतात असं आणखी एक स्पष्टीकरण आलं. वाद मिटलेला नाही.

माझं मत विचाराल तर जिवंत स्पंजांची मेदाम्लं नात्यांचा पुरावा म्हणून भक्कम आहेत, वयाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. आणि एकट्या 5,9 च्या जोडीवरही भरवसा ठेवू नये. पाइनच्या बियांत 18 कार्बनच्या साखळीवर 5,9 बंध असतात, डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबासदृश जीवातही असतात. पाइन आणि स्पंज यांचा जवळचा संबंध कोणी लावणार नाही. लांब साखळी, 5,9 ची जोडी, मागून सातवा बंध आणि स्पंजाने ते स्वतः बनवल्याचा पुरावा, हे एकत्र आले तरच वंशाची गोष्ट करता येते.

आता या सगळ्याचा खरेदीशी संबंध. एका व्यावसायिक प्रयोगशाळेने आम्हाला स्पंजाच्या नमुन्याचा जो अहवाल दिला त्यात फक्त 37 च्या यादीत बसणारे पीक घेऊन त्यांची बेरीज 100 टक्के केलेली होती. यादीबाहेरचं सगळं गाळलेलं. कागदावर त्या स्पंजात डीएचए इतकं भरघोस दिसत होतं, की कोणीही त्याला ओमेगा-3 चा नवा स्रोत म्हणून जाहीर केलं असतं. कच्ची फाइल मागवून पाहिली तर पीकच्या एकूण क्षेत्रफळातला मोठा भाग 24 कार्बनच्या पुढे आणि फांदीवाल्यांत होता, म्हणजे स्पंजाची आणि त्याच्या जिवाणूंची स्वतःची आम्लंच अहवालातून गायब होती. तेलाला हा हिशेब चालतो, कारण तेलात यादीबाहेरचं जवळपास काही नसतं. असल्या अहवालावर पोस्टर उभं राहिलं की खोटी आशा पसरते, आणि मला त्याची मनापासून चीड येते. बाहेर तपासणी करून घेणाऱ्यांनी ‘न ओळखलेले पीक धरून टक्केवारी द्या आणि मूळ डेटा फाइल द्या’ असं लेखी मागावं. चांगल्या प्रयोगशाळा देतात.

कॉलमचंही तसंच. 37 च्या मिश्रणाबरोबर सगळीकडे 100 मीटरचा, सायनोप्रोपिल लेपाचा कॉलम सुचवलेला असतो. सिस-ट्रान्स वेगळं करायला त्याला तोड नाही. पण तो 250 अंशांच्या वर नेता येत नाही, आणि 28-30 कार्बनचे एस्टर त्यात इतके रेंगाळतात, की पीक पसरून आधाररेषेत विरघळतात. आम्ही प्रत्येक नमुना दोनदा चालवतो: एकदा त्या कॉलमवर आखूड साखळ्यांसाठी, एकदा 30 मीटरच्या कमी ध्रुवीय कॉलमवर 300 अंशांच्या वर नेऊन. वेळ दुप्पट लागतो, दुसरा इलाज नाही.

लांब टोकासाठी 26:0, 28:0 आणि 30:0 यांचे संपृक्त मिथाइल एस्टर सुटे मिळतात. ते घेऊन 37 च्या पातळ द्रावणात मिसळा. मोजायच्या रेषेला पुढचे खुंट मिळतात आणि डेमोस्पंजिक आम्लांची जागा समतुल्य साखळी-लांबीच्या आकड्यात सांगता येते. खुद्द 5,9,19 चं तयार स्टँडर्ड आमच्या कुठल्याच पुरवठादाराच्या यादीत मिळालं नाही, म्हणून एका नीट ओळख पटलेल्या स्पंजाचा अर्क आम्ही घरचं स्टँडर्ड म्हणून ठेवला आहे. पायरोलिडाइडवरून त्यातले मुख्य पीक पक्के केले, नायट्रोजनखाली बारीक व्हायल्स भरल्या आणि दर बॅचबरोबर त्यातली एक चालवतो. कुठल्याही कंपनीला असं एक स्पंज-मिश्रण काढावंसं वाटलं, चार-पाच घटकांचं का असेना, तर आम्ही पहिले गिऱ्हाईक.

गुण द्यायचे तर तेल, तूप, मासे यांच्यासाठी पाचपैकी पाच. चुनखडी स्पंजांसाठी साडेतीन, जिवाणू-मिश्रण सोबत असेल तर चार. डेमोस्पंज आणि काचस्पंजांसाठी अडीच, आणि तेही आखूड साखळ्यांच्या अचूकतेसाठी. एकाच गोष्टीला पैसे असतील तर 37 चं मिश्रण आधी घ्या, त्यानंतर 26:0 आणि 30:0, मग जिवाणू-मिश्रण. पायरोलिडिन स्वस्त आहे, ते आजच मागवा. त्याला भयंकर वास येतो, तेव्हा फ्यूम हूडशिवाय बाटली उघडू नका.

मागणी नोंदवताना लॉट नवा आहे का ते विचारून घ्या आणि पार्सल बर्फात पाठवायला सांगा, विशेषतः उन्हाळ्यात. अनेक दुहेरी बंध असलेले घटक, म्हणजे 20:5 आणि 22:6, उष्णतेने आधी खराब होतात. नवी कुपी पहिल्यांदा चालवली की डीएचएच्या पीकचं क्षेत्रफळ प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांशी ताडून वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यांत ते उतरायला लागलं की व्हायल बदला.